क्लिफच्या बिअरमधली गोळी

रोझियर, विस्कॉन्सिन
५ नोव्हेंबर २०१५

प्रिय लिओना,

फोनवर तू नुसतं ‘काय? काय?’ करतेस आणि ओरडून ओरडून माझा घसा बसतो, म्हणून हे पत्र. तुमच्या ॲरिझोनात अजून अंगणात बसता येत असेल. इथे काल पहिलं बर्फ भुरभुरलं.

विचारायचं ते आधीच विचारून टाकते. तुझा भाऊ बिअरमध्ये तंबाखू घालायचा का?

हसू नकोस. क्लिफला जाऊन येत्या जानेवारीत वर्ष होईल, तेव्हा अंगणापलीकडचं उन्हाळ्याचं स्वयंपाकघर आवरायला घेतलं. त्याचं मोठं पातेलं, काचेचे बुधले, रबरी नळ्या सगळं होतं तसंच होतं. तिथल्या जुन्या फ्रिजमध्ये मागच्या हंगामातल्या यीस्टची बरणी सापडली. तळाला राखाडी गाळ, वर तपकिरी पाणी. ओतून टाकणार होते. पण मी वाचनालयातून बिअरवरची तीन पुस्तकं आणून वाचली आहेत (तू म्हणशील, हिला वाचायला काहीही चालतं), त्यात लिहिलंय की यीस्ट थंडीत मरत नाही, झोपतं. म्हणून माल्टचं पाणी उकळून निववलं आणि त्यात थोडं घालून ठेवलं. सकाळी बघते तर बुडबुडे. त्याचे बूट देऊन झाले, ट्रक विकून झाला, आणि हे मात्र जिवंत. खुर्ची ओढून बघत बसले.

आता मला ती बिअर करायची आहे. कर्मिसच्या जत्रेला तो करायचा ती. तुला माहीत आहे, मी ती कधी ओठाला लावली नाही. आमच्या नॉर्वेजियन घरी कॉफीशिवाय दुसरं काही उकळत नसे, आणि लग्नानंतरही मला कधी वाटलं नाही. क्लिफ म्हणायचा, “तुला नको ना? मग मला एक जास्त.” माल्ट कुठला, हॉपची फुलं किती, हे मला बघून बघून पाठ आहे. एकच गोष्ट अडली आहे. बाटल्या भरायच्या दिवशी, सगळं झालं की तो खिशात हात घालायचा, वालूनमध्ये, तुमच्या त्या बेल्जियन बोलीत, म्हणायचा, “आता शिक,” आणि वाकायचा. घरातल्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून मला त्याची पाठ दिसायची. काय टाकायचा ते नाही दिसायचं.

शेजारच्या एलरॉय मासारला विचारलं. तो म्हणाला, “शिक म्हणजे गालात धरतात ती तंबाखू. माहीत नाही होय तुला?” क्लिफ तंबाखू खायचा हे खरंच. पण सगळ्या पॅरिशने ती बिअर प्यायली आहे, लिओना. फादरसुद्धा.

तू त्याची मोठी बहीण. वालून बोलणारं आता दुसरं कोणी उरलं नाही. सांग.

तुझी,
आर्डिस


मेसा, ॲरिझोना
१६ नोव्हेंबर २०१५

अगं नॉर्वेवाले,

पत्र वाचून मी इतकी हसले की गेल धावत आली. तिला वाटलं, आई परत पडली की काय.

एलरॉयला त्याच्या बापाचं वालून कधी धड आलंच नाही. तो सैन्यात असताना फ्रेंच शिकला आणि तेव्हापासून शहाणा झाला. पुस्तकी फ्रेंचमध्ये शिक म्हणजे तंबाखू. आपल्याकडे, घरात, शिक म्हणजे चघळायची गोळी. लिमलेटची, पेपरमिंटची, कसलीही. चर्चमधलं मास लांबलं की आई हातात सरकवायची ती. बेल्जियममधून आलेल्या आपल्या सगळ्या घरांत हाच शब्द. चाळीस वर्षं आमच्यात काढलीस आणि शिक माहीत नाही!

तर तंबाखू नाही, गोळी. कुठली, ते असं सांगता यायचं नाही. जिभेवर आली की ओळखेन. माझ्या वडिलांची प्यायलेली, क्लिफची प्यायलेली, अशी आता मीच एक उरले आहे. तेव्हा तू कर आणि मला पाठव. मी तुझी परीक्षक.

बाकी लिही ना जरा. चर्चमध्ये आमच्या बाकावर आता कोण बसतं? वर्जिलचं गुडघ्याचं झालं का? तुमच्या रस्त्यावरचं ते मोठं मेपलचं झाड अजून आहे? इथे झाडं म्हणजे काटे.

लिओना


रोझियर
१९ डिसेंबर २०१५

प्रिय लिओना,

गोळी! सगळ्या पॅरिशच्या वतीने आभार.

हॅलोविन संपलेलं, दुकानात गोळ्यांच्या पिशव्या टोपल्यांत पडलेल्या. मी कवळीवाली बाई गाडी भरून गोळ्या घेते आहे हे बघून गल्ल्यावरची मुलगी म्हणाली, “नातवंडं खूप वाटतं?” म्हटलं, “एकही नाही.” बिचारीने पटापट हिशोब केला.

एकदम मोठं पातेलं चढवायची हिंमत झाली नाही. लहान लहान बुधले केले. प्रत्येकात तीच बिअर आणि वेगळी गोळी. पहिली टॉफी. ती चुकलीच. टॉफीत लोणी असतं, त्याने फेस बसतो. वर डबक्यावर येतो तसा तवंग आला. ती गटारात. मग खोकल्यावरच्या त्या काळ्या कडू गोळ्या, बडीशेपेच्या गोळ्या, आणि लिमलेट.

मला एका गोष्टीचं फार नवल वाटलं. मला वाटत होतं, गोळ्या घातल्या की बिअर गोड होणार. होत नाही. साखर सगळी यीस्ट खाऊन टाकतं, कणभर ठेवत नाही. मागे राहतो तो गोळीचा वास, आणि असला तर कडूआंबटपणा. पाच वेळा वाचलं तरी खरं वाटेना, म्हणून चमचाभर चाखली. होय, मी. खरंच गोड नाही. बडीशेपेचा बुधला उघडला तर अंगणात उभ्या असलेल्या एलरॉयला वास आला. म्हणाला, “न्हाव्याचं दुकान काढलंस का?”

तिन्हींची एकेक बाटली पाठवते आहे. कुरिअरवाल्याने विचारलं, आत काय? म्हटलं, मूळचं गोडच आहे.

एक काळजी. हे यीस्ट म्हातारं आहे, दर वेळी उठायला जास्त वेळ लावतं. आणि झालेल्या बिअरच्या तळाचा गाळ पुन्हा घ्यावा तर त्याला बडीशेपेचा वास लागलेला. निखळ यीस्ट फक्त बरणीतलं, आणि बरणी उतरत चालली आहे. म्हणून नीट चाखून सांग.

तुमच्या बाकावर आता दोन मुलांचं एक तरुण जोडपं बसतं. वर्जिल काठीने चालतो आणि काठीनेच बोलतो. मेपल आहे.

आर्डिस


मेसा
११ जानेवारी २०१६

आर्डिस,

बाटल्या फुटल्या नाहीत. मी संध्याकाळी एकटीने बसून चाखल्या, गेल कामावर असताना.

काळ्या गोळ्यांची: कडू. घशापर्यंत कडू. ती नव्हे. लिमलेटची आंबट, दात शिवशिवले. तीही नव्हे. बडीशेपेची म्हणतेस ती मला पाणचट लागली, काही खास नाही. फेस मात्र तिन्हींना छान, नाकाला लागतो.

तर नाही. अजून शोध. घाई कसली आहे?

त्या जोडप्याचं नाव काय? मुलं चर्चमध्ये दंगा करतात का? आमच्या वेळी क्लिफने एकदा पवित्र पाण्यात बेडूक सोडला होता, ते त्याने तुला कधी सांगितलं का? बर्फ किती आहे तेही लिही. आणि तू दुपारी काय करतेस? मी तुझं पत्र आलं की दुपारी वाचते, मग रात्री परत वाचते. गेल म्हणते, पाठ करते आहेस का.

लिओना


रोझियर
२६ जानेवारी २०१६

प्रिय लिओना,

बेडूक मला माहीत नव्हता. एकतीस तारखेला त्याचं वर्षश्राद्धाचं मास आहे, फादरना सांगू का?

बडीशेपेची तुला पाणचट लागली याचं नवल वाटतं. प्रवासात बिघडली असेल.

या वेळी नावं लिहीत नाही. नाव वाचलं की माणूस तेच चाखतो. बाटल्यांवर एक, दोन, तीन लिहिलंय. मी पुरेशी चाखली नाही, सर्दीने नाक गच्च आहे.

आणि ऐक, बरणीत आता एकाच वेळचं यीस्ट राहिलं आहे. मोठ्या पातेल्याला जेमतेम पुरेल. तू जो आकडा सांगशील ती गोळी घालून मी ते सगळं वापरणार, आणि मग झालं. चुकलं तर परत करायला काही नाही. म्हणून या वेळी तरी ‘शोध’ म्हणू नकोस. हो असेल तर हो म्हण, नाही तर नाही म्हण, मी पातेलं विकून टाकेन.

आर्डिस


रोझियर
८ फेब्रुवारी २०१६

लिओना,

दोन नंबरची बाटली उघडू नकोस! ती मेपलच्या गोळ्यांची. माझी सर्दी गेली आणि काल तिची जोडीदार बाटली उघडली, तर सडक्या अंड्यांचा असा वास की मी बाहेर बर्फात जाऊन उभी राहिले. यीस्ट दमलं की असं करतं म्हणे. एलरॉय विचारत आला, “कोणाची संडासाची टाकी फुटली?” फेकून दे.

आर्डिस


मेसा
८ फेब्रुवारी २०१६

आर्डिस, माझे बाई,

दोन नंबर! हीच ती! पहिला घोट घेतला आणि मी रोझियरला होते. वडील दारात उभे, क्लिफ पाच वर्षांचा, चड्डी खाली आलेली. अगदी तीच चव, काही म्हणजे काही फरक नाही. मी रडले बघ.

एक वाईट नाही, तीन जरा झोंबते. पण दोनच. मन घट्ट करून दोन नंबरची कर. जे यीस्ट आहे ते सगळं घाल. क्लिफला आनंद होईल.

तू आता निश्चिंत हो.

लिओना


रोझियर
१९ फेब्रुवारी २०१६

प्रिय लिओना,

आपली पत्रं वाटेत एकमेकांना ओलांडून गेली. माझं तुला मिळालं असेल, म्हणजे तुला काय झालं ते कळलंच असेल.

मी तुझी सगळी पत्रं टेबलावर मांडून वाचली. त्यात कडू आहे, आंबट आहे, झोंबणारं आहे. वास एकाही ओळीत नाही. बडीशेपेला तू पाणचट म्हणालीस आणि सडक्या अंड्यांवर रडलीस. तू लबाड आहेस, पण इतकी नाहीस.

पहिल्या पत्रात तू लिहिलं होतंस, गेलला वाटलं आई परत पडली. परत म्हणजे आधी कधी? डोक्याला लागलं होतं का?

मी रागावलेली आहे. पण आधी उत्तर दे, रागाचं मग बघू.

आर्डिस


मेसा
२ मार्च २०१६

आर्डिस,

सप्टेंबरात. मागच्या पायरीवरून पडले, डोकं फरशीवर. टाके पडले नाहीत, म्हणून गेलला मी ‘काही नाही’ म्हटलं. दुसऱ्या दिवशी कॉफी केली आणि ती नुसतं कढत कडू पाणी होती. वाटलं, डबा जुना. मग साबण, मग कांदा, मग गेलच्या केसांचा वास. काहीच नाही. जिभेला गोड, आंबट, खारट, कडू कळतं, बाकी सगळं पुसलं गेलं. डॉक्टरला सांगितलेलं नाही. गेललाही नाही. सांगितलं तर पहिलं काम ती माझी शेगडी बंद करेल. गॅस गळला तर आईला कळणार कसं, असं म्हणेल, आणि खरंच आहे ते. पण ती शेगडी गेली तर मी या घरात फक्त पाहुणी, आर्डिस. माझं म्हणून तेवढंच आहे.

‘नाही, अजून शोध’ मी का म्हणत होते, तुला कळलंच असेल. ‘हो’ म्हटलं असतं तर तुझी पत्रं थांबली असती. आणि शेवटी ‘हो’ म्हटलं, कारण तू लिहिलंस की पातेलं विकून टाकेन. ते मला बघवलं नसतं.

आता उरलेलं सांगून टाकते. शिक म्हणजे गोळी, हे खरं. पण ती बिअरमध्ये जायची असं मी कधी लिहिलं नाही. ते तू लिहिलंस, मी फक्त खोडलं नाही. बाटल्या धुवायला वडील आम्हा पोरांना बसवायचे. भरून झाल्या की म्हणायचे, “आता शिक,” आणि ज्याने धुतल्या त्याच्या तोंडात एकेक गोळी. ती आमची मजुरी. क्लिफ एकटाच धुवायचा, एकटाच भरायचा, तेव्हा एकटाच खात असणार. तू त्याची पाठ पाहिलीस ना? तो गोळीचा कागद सोडवत असणार.

बिअरमध्ये गोळी कधीच नव्हती. तुला हवं तितकं रागव.

लिओना


रोझियर
११ मार्च २०१६

लिओना,

गेलला सांग. आज. तू एकवीस तारखेपर्यंत नाही सांगितलंस तर मी फोन करेन, आणि मला ऐकू चांगलं येतं.

रागावले होते, चार दिवस. तुझ्यावर नाही, त्या एवढ्या गोळ्यांवर. मग हसू आलं. चार महिने मी नवऱ्याच्या पाठीमागून त्याचा खाऊ शोधत होते.

पण बघ, म्हणजे त्याची बिअर मला अख्खी येतेच आहे. माल्ट, हॉपची फुलं, पाणी आणि त्याचं यीस्ट. दुसरं काही नाही. उद्या मोठं पातेलं चढवते.

आर्डिस


मेसा
९ एप्रिल २०१६

आर्डिस,

सांगितलं. खूश?

गेल रडली, मग मला डॉक्टरकडे नेलं, मग शेगडीची बटणं काढून स्वतःच्या पर्समध्ये टाकली. पर्समध्ये! कामावर जाते ती माझी बटणं घेऊन. डॉक्टर म्हणाला, वास कधी कधी परत येतो, बहुतेक वेळा या वयात येत नाही. निदान तोंडावर सांगितलं त्याने. दुपारी मला थंड सँडविच आणि टीव्ही.

तुझं बरोबर होतं हे मला माहीत आहे. म्हणूनच जास्त राग येतो. यीस्ट उठलं का ते तरी लिही. सारखं मनात येतं, त्या बरणीचं काय झालं असेल.

लिओना


रोझियर
२२ मे २०१६

प्रिय लिओना,

यीस्ट उठलं, पण मला छळून. पहिला दिवस काही नाही. दुसरा दिवस काही नाही. मी बुधल्यांना क्लिफचा लोकरीचा कोट गुंडाळला, आणि मग त्या कोटाशी बोलत बसले, ते जाऊ दे. तिसऱ्या दिवशी दुपारी झाकणातून एक बुडबुडा आला. मग बराच वेळ काही नाही. मग दुसरा. रात्रीपर्यंत नळीतून फेस बाहेर. बाटल्या भरल्या, आणि तळाला जाड, पांढरं, स्वच्छ यीस्ट होतं, कशाचा वास नसलेलं, म्हणजे त्याचाच वास असलेलं. एका बरणीच्या तीन बरण्या झाल्या. फ्रिजमध्ये आहेत. आता ते मरायचं नाही, मी आहे तोवर.

तुझ्या शेगडीचं. मी त्यावर विचार केला आणि गेलशी बोलले. तू इकडे ये, ऑक्टोबरपर्यंत राहा. उन्हाळ्याच्या स्वयंपाकघरात लाकडाची चूल आहे, तिच्यात गळायला गॅसच नाही. स्वयंपाक तू कर, वास मी घेईन. जळायला लागलं की ओरडेन, तू ‘काय? काय?’ करशील, तोवर जळेल, आणि आपण तेच खाऊ. गेल तिकीट काढते म्हणाली. हे दयेने नाही. मला वालून शिकायचं आहे, आणि एलरॉयकडून शिकले तर काय होतं ते आपण पाहिलं.

आता बिअर. काल संध्याकाळी पायरीवर बसून उघडली. ग्लासात ओतली, आधी वास घेतला. त्याच्या शर्टाला यायचा, शनिवारी. तो वास मी किती वर्षं धुतला आहे, तो बिअरचा होता हे मला माहीत नव्हतं. मग प्यायले. पहिला घोट, दुसरा, घाई न करता, ग्लास संपेपर्यंत. अर्ध्यावर सोडायची नाही असं ठरवलं होतं.

मला नाही आवडली, लिओना.

कडू आहे, आणि मागून ओल्या गवतासारखं काहीतरी येतं. वाईट नाही. एलरॉयने दोन प्यायल्या आणि रिकाम्या बाटल्या स्वतःच धुऊन ठेवल्या. पण मला एक नंबरची आवडली होती, व्हायोलेटच्या फुलांच्या वासाच्या गोळ्यांची, जी सगळ्यांत वेडपट होती. एक बरणी यीस्ट मी उद्या तिच्यासाठीच काढते आहे.

हे क्लिफला सांगायला हवं असं वाटलं. इतकी वर्षं सांगू शकले नसते, चाखलीच नव्हती. म्हणून आज मासनंतर मागे दफनभूमीत गेले आणि मोठ्याने म्हटलं, “क्लिफ, तुझी बिअर मला आवडली नाही.”

पलीकडे एलरॉय गवत कापत होता. त्याने मशीन बंद केलं आणि ओरडला, “काय म्हणालीस?”

म्हटलं, “तुला नाही.”

तुझी,
आर्डिस